आधी कोपी, मग गाडगं

पडद्यावर शून्य आलं. यशोधरानं शोधाच्या चौकटीत नाव पुन्हा टाकलं, या खेपेला गावासकट, आणि बटण जरा जोरातच दाबलं. जोरात दाबल्यावर यंत्र घाबरून खरं बोलेल अशी सोय अजून कुणी केलेली नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. पुन्हा शून्य. ‘एकही नोंद सापडली नाही.’ हे वाक्य आठ वर्षांपूर्वी तिनंच लिहिलेलं. तेव्हा ते तिला सभ्य वाटलं होतं. नाहीच म्हणायचं नाही, सापडली नाही म्हणायचं. टेबलापलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बबिता बसली होती. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीच्या तोंडाशी आवळलेली मूठ. शिरूर कासारच्या पुढच्या वाडीतून ती पहाटेच्या गाडीनं निघाली होती आणि बीडच्या स्टँडपासून केंद्रापर्यंत चालत आली होती. चपलांवर पांढरी धूळ होती.

“घावलं का ताई?”

“बघतेय.”

“सावकाश बगा. दोन वाजंस्तवर टाइम हाय.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. दोन वाजता चौकशी समिती बसणार होती आणि ही शेवटची तारीख होती. तीन वर्षांपूर्वी, ऊस तोडायला जाण्याआधी, याच केंद्रात बबिताची तपासणी झाली होती, सोनोग्राफीसकट. गर्भाशय निरोगी, असं त्या अहवालात लिहिलेलं. पुढं सहा महिन्यांनी हंगाम संपवून ती परतली, पोटात दुखतं म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली, आणि तिथल्या डॉक्टरनं पिशवी सडलीय, उद्या कॅन्सर होईल, असं सांगून ती काढून टाकली. तेव्हा बबिता एकोणतीस वर्षांची होती. आता समितीपुढं त्या डॉक्टरचं म्हणणं असं, की पिशवी वर्षानुवर्षं खराबच होती. तसं नव्हतं हे सांगणारा पुरावा एकच. बबिताकडच्या प्रतीचा उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या झोपडीत, कोपीत, भिजून लगदा झाला होता. सोनोग्राफी करणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या. आणि केंद्रातले कागदी फॉर्म रद्दीत गेले होते, तेही यशोधराच्याच सांगण्यावरून, कारण सगळं डेटाबेसमध्ये सुरक्षित होतं. ‘सुरक्षित’ हा शब्द तिनं त्या बैठकीत तीनदा वापरला होता. आज तो तिला शिवीसारखा ऐकू येत होता. त्यात संध्याकाळी बबिताची टोळी निघायची होती. ट्रक गावात येऊन उभा होता. आज कागद मिळाला नाही तर ही बाई सहा महिने कर्नाटकाच्या कुठल्याशा फडात असणार आणि समिती फाईल बंद करून आपल्या घरी जाणार.

बबिता काही यशोधराची कुणी लागत नव्हती. पण खुर्चीच्या कडेवर तसं बसणं तिच्या ओळखीचं होतं. तिची आई, भामाबाई, दवाखान्यात अशीच बसायची, सबंध खुर्चीचे पैसे पडतील अशा भीतीनं. भामाबाईची पिशवीही काढलेली. बत्तिसाव्या वर्षी, नेकनूरजवळच्या गावातून बैलगाडीनं नेऊन. का काढली, कशी होती, कुणी बघितली, याचा चिटोरासुद्धा कुठं नाही. “काडली म्हंजी काडली,” एवढंच भामाबाई सांगते, आणि उन्हाळ्यात अंगाचा दाह होतो तेव्हा ओलं फडकं छातीवर टाकून जमिनीवर पडते. यशोधरा संगणक शिकली, पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आली, आणि ऊसतोड बायकांची तपासणी करणाऱ्या या लहानशा केंद्रात अर्ध्या पगारावर लागली, ती त्या नसलेल्या चिटोऱ्यापायी. दर साली दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघण्याआधी बायका तपासायच्या, हंगामाहून आल्यावर पुन्हा तपासायच्या, आणि दोन्ही नोंदी जपून ठेवायच्या. कुणी उद्या म्हणालं की खराबच होती, तर दाखवता आलं पाहिजे की नव्हती. एवढंच काम. आणि आज पहिल्यांदाच कुणी तरी दाखवा म्हणून समोर येऊन बसलं होतं.

शून्य का आलं हे तिला तसं लगेच कळलं होतं. तीन वर्षं पुरी झालेला हंगाम मुख्य मशीनवरून काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवायचा, म्हणजे मशीन हलकं राहतं, असं तिनं ठरवलेलं. ते काम दर बुधवारी संध्याकाळी सहाला एक स्क्रिप्ट करायची. स्क्रिप्ट म्हणजे काय, तर ओळीखाली ओळ लिहिलेले हुकूम. यंत्र ते वरून खाली पाळतं आणि कधी विचारत नाही की बाई, कावून, कशासाठी? बबिताचा हंगाम तीन आठवड्यांपूर्वी डिस्कवर गेला असणार. मग काळजी कसली? तिनं डिस्कवरची डिरेक्टरी, म्हणजे फायली ठेवायची जागा, उघडली. आत जुन्या हंगामांचे कप्पे ओळीनं होते. बबिताच्या हंगामाचा नव्हता. तिनं स्क्रिप्टनं स्वतःबद्दल लिहून ठेवलेली नोंद उघडली. दसऱ्याआधीच्या नवमीचा बुधवार, संध्याकाळचे सहा वाजून चार मिनिटं. फाईल तयार: झालं. फाईल जागेवर आहे का: आहे. मुख्य मशीनवरून काढणे: झालं.

झालं. इथून काढलं आणि तिथं नाही. दोन हजार तीनशे बायका मधल्या मधे गेल्या. दर आठवड्याची संपूर्ण नक्कल आहे की, असं मन म्हणालं, आणि मनाचं बोलणं पुरं व्हायच्या आतच तिला आठवलं की नकला फक्त शेवटच्या दोन आठवड्यांच्या राहतात. त्या दोन्ही नवमीनंतरच्या. ही काटकसरही तिचीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तिनं अभिमन्यू सरांना हाक मारली. सर आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले, केंद्राचे प्रमुख, भला माणूस, पण कुठल्याही संकटात आधी दार लावून घेणारा. त्यांनी सगळं ऐकलं, बबिताकडे एकदा बघितलं आणि यशोधराला बाजूच्या खोलीत नेऊन दार लोटलं.

“गेलं म्हणजे गेलंच का?”

“माहीत नाही सर. दिसत नाहीये.”

“मग गेलं असं कुणापुढं म्हणू नका. सर्व्हर डाऊन आहे म्हणा. आजच्या दिवसाचा प्रश्न आहे.”

“तिचा आजच्याच दिवसाचा प्रश्न आहे.”

“यशोधराताई, मला कळतंय. पण ही बातमी बाहेर गेली तर उद्या आपल्या एकाही कागदावर कुणी विश्वास ठेवणार नाही. दोन हजार बायकांचं नुकसान होईल. संभाजीनगरहून माणूस बोलावू. तोवर त्या डिस्कला हात लावू नका. आहे तेही घालवाल.”

वाक्य बरोबर होतं, हीच पंचाईत. सरांची बहुतेक वाक्यं बरोबर असायची. ती परत येऊन बसली. बबितानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मूठ पिशवीवर थोडी आणखी वळली. यशोधरानं स्वतःची स्क्रिप्ट उघडली. माणसानं स्वतःचं जुनं पत्र वाचावं तसं तिला झालं, लाज आणि परकेपणा. वरची ओळ: या हंगामाची फाईल आधीच ठेवलेली आहे का? असेल तर थांब. नसेल तर पुढं. खालची ओळ: ठेवायचा कप्पा आहे का? नसेल तर बनव. मग फाईल लिही. मग फाईल आहे का बघ. असेल तर मूळ काढून टाक. आधी फाईल, मग डिरेक्टरी. सुरुवातीला असं नव्हतं. सुरुवातीला तिनं डिरेक्टरीची, म्हणजे कप्प्याची, तपासणी वर ठेवली होती, आणि ती नसली तर सगळं थांबव असं लिहिलं होतं. मग एकदा नव्या हंगामाचा कप्पा बनवायचा राहिला, स्क्रिप्ट महिनाभर थांबून राहिली, मशीन भरलं, आणि शिबिराच्या दिवशी बायका उन्हात रांगेत उभ्या असताना नोंदणी बंद पडली. सर सगळ्यांदेखत बोलले. त्या संध्याकाळी रागाच्या भरात तिनं ती ओळ उचलून खाली टाकली आणि ‘थांब’ खोडून ‘बनव’ लिहिलं. दोन ओळींची अदलाबदल. पुन्हा कधी थांबली नाही. यशोधराला केवढा अभिमान होता त्याचा.

आधी फाईल, मग डिरेक्टरी. ही उलट चाल तिच्या हाताला नवी नव्हती, आणि ते आठवायचं नाही म्हणून ती गेली सत्तावीस वर्षं काही ना काही करत आली होती. माजलगावच्या धरणाखालचा कॅनॉल, कॅनॉलच्या कडेला दोन ओळींत तीस कोप्या, सगळ्या एकाच पाचटाच्या, एकाच उंचीच्या, एकाच वाकलेल्या दाराच्या. ती नऊ वर्षांची. धाकटा नवनाथ अकरा महिन्यांचा, अंगात चटका बसेल असा ताप. भामाबाई फडात, पाठीला पोर, हातात कोयता. कारखान्याची दवाखान्याची गाडी फडाच्या बांधाला आली तेव्हा भामाबाईनं औषधाची बाटली घेतली, पोराला एक झाकण पाजलं, आणि बाटली उन्हात तापू नये म्हणून यशोधराच्या हातात दिली. “कोपीत ठिवून ये. कोपऱ्यात गाडग्याच्या मागं. सावलीला.” ती पळत गेली. वाकून आत शिरली. कोपऱ्यात काठ फुटलेलं गाडगं होतं. त्याच्या मागं बाटली नीट उभी केली, हात लावून परत एकदा बघितली, आणि पळत आली. “ठिवलीस?” “ठिवली.” दिवेलागणीला भामाबाई कोपीत आली, गाडग्यामागं हात घातला, आणि तिथं काही नव्हतं. यशोधरा शपथा घेत होती. गाडगं तेच होतं, काठ फुटलेलं. पण काठ फुटलेली गाडगी त्या तळावर दहा तरी असतील. पलीकडच्या ओळीतली एक टोळी दुपारीच दुसऱ्या फडावर हलली होती, कोप्या मोडून, चूल-गाडगी ट्रकात टाकून. बाटली त्यांच्याबरोबर गेली. ताप आठ दिवस उतरला नाही. नवनाथ जगला. आता बीडातच टेम्पो चालवतो, आणि फोन आला की नेहमी उजव्या कानाला लावतो, कारण डाव्यानं त्याला ऐकूच येत नाही. त्या तापानंच गेला का कान, कुणी म्हणालं नाही. भामाबाईनं तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी फक्त हाताला धरून ओळीच्या टोकाला नेलं आणि आपल्या कोपीच्या दाराला बांधलेली लाल चिंधी दाखवली. “आदी कोपी बगायची, मंग गाडगं. गाडगी समद्यांची सारकीच असत्यात.”

तिचा हात आपोआप डिस्ककडे गेला. उघडायला नव्हे, नुसता धीर यावा म्हणून, वायर घट्ट बसलीय का बघायला. काळी, वहीएवढी डिस्क. आणि तिच्या कडेच्या खाचेत काहीतरी पिवळं होतं. तिनं नखानं खरवडलं. हळद. हळदीत मिसळलेलं कुंकू, वाळून घट्ट झालेलं. यशोधरा त्या नखाकडे बघत राहिली. तीन आठवडे ही डिस्क तिच्या हाताशी होती आणि ती हळद तिला दिसली नव्हती.

“गीताबाई!”

गीताबाई झाडलोट, चहा, बायकांना धीर देणं, असं सगळं बघायच्या. केंद्र खरं म्हणजे त्यांच्यावरच चालायचं. त्या चहा घेऊन आल्या. आधी बबिताला दिला, मग हिला.

“या डिस्कला हळद कुणी लावली?”

“म्याच लावली की. नवमीची. खंडे नवमीला तुमी न्हवत्याव, नागपूरला गेलत्याव.” गीताबाईंचा चेहरा आधी फुलला, मग हिचा बघून उतरला. “कावून, काय झालं? मशिनीला न्हाई लावली. तुमीच म्हनलत्याव गेल्या साली, चालत्या मशिनीला कुकू लावू नगा, लावायचंच तर बंद करून, काडून लावा. म्हून मशीन बंद केली, ह्येला तेवडं काडलं, पाटावर ठिवलं, झेंडूचा हार घातला.”

“मग मशीन परत कुणी चालू केलं?”

“सरांनी. शिबिराच्या बायका आल्यात्या ना दुपारच्याला.”

“आणि डिस्क?”

“ती पाटावरच. पूजेतलं हत्यार शिलंगण झाल्याबगर हलवत्यात व्हय? दसऱ्याला सुट्टीच व्हती. सुक्करवारी मशीन चालू करायच्या आदी म्या पुसून जितल्या तितं लावली. लई जपून लावली, म्याडम.”

यशोधराला गेल्या सालची नवमी आठवली. गीताबाईंनी चालू सर्व्हरवर ओल्या बोटांनी कुंकू ओढलं होतं, आणि ही ओरडली होती. तिच्या घरात पाटपूजा नाही. दसऱ्याला ती आईला घेऊन पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीला जाते. ओरडण्यात मशीनची काळजी किती आणि दुसरं काही किती, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं. गीताबाईंचं तोंड एवढंसं झालं तेव्हा ओशाळून तिनं पुढचं वाक्य जोडलं होतं: लावायचंच तर काढून लावा. ते वाक्य गीताबाईंनी वर्षभर जपून ठेवलं आणि शब्दाला जागल्या. चूक कुणाची म्हणायची? हळदीची तर नक्कीच नाही.

म्हणजे त्या बुधवारी संध्याकाळी सहाला डिस्क पाटावर होती, हार घालून. आणि स्क्रिप्ट म्हणत होती फाईल जागेवर आहे. स्क्रिप्ट खोटं बोलत नाही, तिला येत नाही. नऊ वर्षांची ती पोरगीही खोटं बोलली नव्हती. ठिवली म्हणाली तेव्हा बाटली खरंच ठेवलेली होती. कुठल्या कोपीत, एवढाच प्रश्न. डिस्क लावली की मशीनवरच्या एका ठरलेल्या जागेवर ती बसते. पण ती जागा डिस्क नसतानाही असतेच, त्याच नावाची, रिकामी. भिंतीतली खुंटी असते तशी. त्या दिवशी स्क्रिप्टनं विचारलं, फाईल आहे का? नव्हती. कप्पा आहे का? नव्हता, म्हणून बनवला, रिकाम्या खुंटीवरच. आधी डिरेक्टरी बघितली असती तर कळलं असतं की जुन्या हंगामांचा एकही कप्पा इथं नाही, म्हणजे ही आपली कोपीच नव्हे, आणि ती थांबली असती. ती थांबली नाही. आणि शुक्रवारी गीताबाईंनी डिस्क लई जपून जागच्या जागी लावली, आणि तीच खुंटी वरून झाकली गेली, सदऱ्यावर घोंगडी टांगावी तशी.

खाली झाकलेली फाईल अजून असेल का? तिनं मशीनची भरलेली जागा मागवली. मग दिसणाऱ्या एकूण एक फायलींची बेरीज मागवली. आकडा यायला चार मिनिटं लागली, त्या चार मिनिटांत बबितानं चहा संपवला आणि कप पदरानं पुसून टेबलावर ठेवला. बेरीज आली. भरलेली जागा बेरजेपेक्षा बरीच जास्त होती. काहीतरी होतं, जागा अडवून बसलेलं, जे दिसत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण ते पुरं होतं का? लिहिता लिहिता मशीनची जागा संपली असेल तर फाईल अर्धीच असणार. आपण बघितलं होतं फक्त, आहे का. किती आहे, वाचता येते का, हे कुठं बघितलं होतं? बाटली आहे का बघायचं आणि आत औषध आहे का ते बघायचं नाही.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. बघायचा मार्ग एकच, डिस्क सोडवायची. सर दारात उभे होते, त्यांनी गीताबाईंचं ऐकलं असावं.

“ताई, मी काय म्हणालो होतो?”

“डिस्क काढल्याशिवाय खाली दिसणार नाही सर.”

“आणि काढताना तीही बिघडली तर? पहिले हंगाम आहेत तिच्यावर. त्याची जबाबदारी?”

“माझी.”

“जबाबदारी म्हणजे काय असते माहितीये का तुम्हाला?”

तिला माहीत होतं. सत्तावीस वर्षं ती नवनाथच्या डाव्या कानानं ऐकत आली होती. पण हे सरांना काय सांगायचं. “लिहून देते,” ती म्हणाली, आणि खरंच समोरच्या कागदावर दोन ओळी लिहून सही केली. सरांनी कागद घेतला नाही, परतही केला नाही, तो टेबलावर पंख्यानं फडफडत राहिला. शेंडी तुटो की पारंबी, असं मनात म्हणत तिनं हुकूम टाइप केला. एकेक अक्षर दोनदा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपली बोटं म्हातारी वाटली. बटण दाबलं. डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकला आणि विझला.

तिनं ती डिरेक्टरी पुन्हा उघडली. जुन्या हंगामांचे सगळे कप्पे नाहीसे झाले होते. सरांनी श्वास आत ओढला, तो सगळ्यांना ऐकू आला. रिकाम्या जागेत एकच कप्पा होता. बबिताचा हंगाम. आत एकच फाईल. यशोधरानं लगेच आकार बघितला नाही. काही क्षण तिनं नुसतं नाव वाचलं, कारण नाव असेपर्यंत आशा होती. मग बघितला. लहान नव्हता. पण लहान नाही म्हणजे पुरा असं नव्हे. तिनं फाईलची एक प्रत वेगळ्या जागी केली, मग दुसरी, पेनड्राइव्हवर, आणि मगच प्रत उघडायला घेतली. मशीन ओळ न् ओळ वाचत निघालं. गावं सरकत होती. मध्येच एका जागी ते थांबलं, कर्सर नुसता उघडझाप करत राहिला, आणि तिला कॅनॉलचा वास आला, सडलेल्या पाचटाचा आणि तापलेल्या लोखंडाचा. तिला वाटलं, संपलं. आठ दिवस ताप उतरणार नाही. मग ओळी पुन्हा सरकू लागल्या. मोठी चित्रं होती, सोनोग्राफीची, त्यांना वेळ लागत होता, एवढंच. शेवटी ‘पूर्ण’ आलं. तिनं त्यावर विश्वास ठेवला नाही. तिनं नाव टाकलं, गाव टाकलं.

एक नोंद सापडली.

छपाईयंत्रातून कागद गरम बाहेर आला, त्यामागून चित्राचा दुसरा. सरांनी दोन्हींवर सही-शिक्का केला. पाऊण वाजला होता. स्क्रिप्ट दुरुस्त करायला अख्खी दुपार पडली होती: डिस्कवर एक छोटी खुणेची फाईल ठेवायची, तिचं नाव लाल चिंधी, ती दिसली तरच पुढं जायचं, मग कप्पा, मग फाईल, मग फाईल पुरी आहे का, आणि सगळ्यात शेवटी काढणं. ते होईल. आत्ता बबितानं कागद दोन्ही हातांत धरला होता, आडवा.

“कुटं लिवलंय ताई? मला वाचता न्हाई येत.”

यशोधरानं कागद सरळ केला, तिचं बोट धरलं आणि त्या शब्दावर टेकवलं. “हे बघ. इथं. गर्भाशय, आणि त्याच्या पुढं हा. निरोगी.”

“ह्यो?”

“हो. हाच.”

बबिताचं बोट तिथंच राहिलं. नख कोयत्यानं कधीतरी चिरलेलं, मधोमध रेघ पडून वाढलेलं. ती हसेल असं यशोधराला वाटलं होतं. ती हसली नाही. सर दारातून यशोधराकडे बघत होते, आणि त्या बघण्याचा अर्थ उघड होता, की झालं, मिळालं, आता गप्प बसा. गप्प बसणं सोपं होतं. कुणाचंच नुकसान नव्हतं.

“बबिता, तुझा कागद आज सकाळी सापडत नव्हता. मशीन बिघडलं नव्हतं. माझी चूक होती. मी न बघता काम केलं होतं.”

बबितानं मान वर केली आणि पहिल्यांदाच खुर्चीत मागं टेकून बसली.

“आजुक येकदा म्हना.”

“काय?”

“आत्ता काय म्हनलाव ते.”

“माझी चूक होती.”

बबिताच्या डोळ्यांना एकदम धार लागली. तिनं पुसले नाहीत, कारण एक हात कागदावर होता आणि दुसऱ्यात पिशवी. “तीन वर्सं व्हत आली,” ती म्हणाली. “दोनदा गेलते म्या त्येच्याकडं. पाय धरले. त्यो डाक्टर येवडं येकदा म्हनला असता ना ताई, तर म्या हितवर आलेच नसते.”

मग ती उठली. समितीपर्यंत रिक्षानं दहा मिनिटं. गीताबाई बरोबर निघाल्या. दारात पिशवी खांद्यावर चढवायला बबिताला हात कमी पडत होता. गीताबाई म्हणाल्या, “आगं, कागद दे माज्याकडं घडीभर.” तिनं दिला नाही. पिशवी गीताबाईंनीच तिच्या खांद्याला अडकवली. पायऱ्या उतरून, उन्हात रस्ता ओलांडून, रिक्षात वाकून शिरेपर्यंत यशोधरा खिडकीतून बघत होती, आणि बबितानं त्या शब्दावरचं बोट एकदाही उचललं नाही.